आजची माती, उद्याचं तांबं: खाणीकडून शिकूया लाँग-टर्म प्लॅनिंग



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण तांब्याच्या उघड्या खाणीचं उदाहरण घेतलं. आकडे जरा पटापट गेले, म्हणून इथे सावकाश मांडतो. वही-पेन घेऊन बसा. आणि "माझं तर छोटं वर्कशॉप आहे, खाणीशी माझा काय संबंध?" हा प्रश्न शेवटपर्यंत बाजूला ठेवा.

1. खड्डा किती खोल जायचा, हे हिशोब ठरवतो

समजा, आपल्या खनिजात तांबं आहे 0.6 टक्के. म्हणजे एक टन दगडात फक्त 6 किलो. प्रक्रियेत थोडं वाया जाऊन हाती येतं 5.2 किलो. भाव किलोला 9 डॉलर धरू. टनामागे मिळाले साधारण 47 डॉलर.

आता खर्च. खनिज दळून त्यातलं तांबं वेगळं करायला टनाला 15 डॉलर धरा. आणि कुठलाही दगड, कामाचा असो की बिनकामाचा, फोडून डंपरने बाहेर न्यायला टनाला 3 डॉलर. खनिज कधी उघड्यावर पडलेलं नसतं. त्याच्यावरचा आणि बाजूचा निरुपयोगी खडक आधी काढावा लागतो. चंद्रपूर-वणीच्या कोळसा पट्ट्यातले वाचक याला 'ओबी' म्हणतात.

- 1 टन खनिजामागे 3 टन ओबी: एकूण 4 टन उचलले, 12 + 15 = 27 डॉलर खर्च. उरले 20.
- 1 टनामागे 8 टन ओबी: 27 + 15 = 42. उरले फक्त 5.
- 1 टनामागे 11 टन ओबी: 36 + 15 = 51. 4 डॉलर तोटा!

खनिज तेच, तांबं तेवढंच, तरी धंदा फायद्यातून तोट्यात गेला. म्हणून तांबं खाली शिल्लक असतानाही उघडी खाण एका ठिकाणी थांबते. ती हद्द शोधायची गणिती पद्धत लर्च आणि ग्रॉसमन यांनी 1965 मध्ये मांडली. डोंगराचे ठोकळे कल्पायचे, प्रत्येकाचा नफा-तोटा लिहायचा आणि कोणते ठोकळे काढले तर बेरीज सगळ्यात मोठी येते ते पाहायचं.

आता भाव 7 डॉलरवर आणा. टनाला मिळतात 36. दुसऱ्या ओळीतला 5 डॉलरचा नफा गेला आणि 6 डॉलरचा तोटा आला. म्हणून खाणीचा प्लॅन एकाच भावावर कधी बनवत नाहीत. पडलेल्या भावावरही तो तपासून पाहतात.

2. आधी काय, नंतर काय?

10 टक्के दराने पाहिलं तर दहा वर्षांनी मिळणाऱ्या 100 रुपयांची आजची किंमत जेमतेम 39 रुपये होते. म्हणून चांगलं आणि वरवरचं खनिज आधी काढायचं, म्हणजे गुंतवणूक लवकर सुटते.

पण खड्डा टप्प्याटप्प्याने रुंद करावा लागतो. खाणवाले त्या टप्प्याला 'पुशबॅक' म्हणतात. पहिल्या टप्प्याच्या तळाशी खनिज काढणं चालू असतं, तेव्हाच दुसऱ्या टप्प्याची वरची ओबी काढायला घेतलेली असते. आज कमाई पहिल्या टप्प्याची, पण आजचा खर्च दोन्ही टप्प्यांचा. हे वाक्य अधोरेखित करा.

3. सगळ्यात मोठा मोह

आता एक मॅनेजर डोळ्यासमोर आणा. भाव पडलाय, मालक विचारतोय, "या वर्षी नफा का कमी?" वर्षाला 20 लाख टन खनिज आणि 60 लाख टन ओबी काढायचा प्लॅन आहे. त्याने ओबी बंद केली. 60 लाख गुणिले 3, म्हणजे 1 कोटी 80 लाख डॉलर एका वर्षात वाचले! रिपोर्ट झकास, शाबासकी वेगळी.

दोन-तीन वर्षांनी पहिल्या टप्प्याचा तळ संपतो. दुसऱ्या टप्प्याचं खनिज अजून खडकाखालीच. कारखाना रिकामा, पगार आणि व्याज मात्र चालूच. तेव्हा घाईने पैसे ओतूनही काम लगेच होत नाही, कारण वरचा बेंच उतरवल्याशिवाय खालचा उघडत नाही. त्याने खर्च वाचवलाच नव्हता. पुढच्या वर्षांची कमाई आधीच खाऊन टाकली होती.

4. चुकीकमाताचा धडा

चिलीमधली चुकीकमाता ही जगातल्या सगळ्यात मोठ्या उघड्या खाणींपैकी एक. 1915 पासून मोठ्या प्रमाणावर चाललेली, खोली जवळजवळ एक किलोमीटर. जसजसं खोल जावं तसतसा डंपरचा फेरा लांबला आणि ओबी वाढली. भूमिगत खाणीत ही सगळी ओबी काढावी लागत नाही. म्हणून मालक असलेल्या कोडेल्को या सरकारी कंपनीने 5 अब्ज डॉलरहून जास्त गुंतवून खड्ड्याच्या खालून भूमिगत खाण केली. ती 2019 मध्ये सुरू झाली. बोगद्यांचं काम मात्र उघडी खाण कमावत असतानाच, कित्येक वर्षं आधी सुरू झालं होतं.

याच खाणीची दुसरी बाजू: कामगारांचं अख्खं गाव 2007-08 च्या सुमाराला रिकामं करून कालामा शहरात हलवावं लागलं. धूर-धूळ हे एक कारण, आणि ओबीचे ढिगारे वस्तीपर्यंत आले हे दुसरं. तिथलं हॉस्पिटलही दगडाखाली गेलं. बिनकामाचा दगड कुठे टाकायचा, हाही प्लॅनचाच भाग असतो.

गोंदियाला लागून असलेल्या बालाघाट जिल्ह्यात मलांजखंडची तांब्याची खाण आहे. तीही उघड्या खाणीकडून भूमिगत खाणीकडे वळली आहे.

5. आता तुमचा धंदा

तुमची 'ओबी' कोणती? नवीन कारागीर शिकवणं, मशीनचं मेंटेनन्स, दुसरा मोठा ग्राहक शोधणं, नवीन प्रॉडक्टचं सॅम्पल. यातून या महिन्यात एक रुपयाही येत नाही, म्हणून मंदीत पहिली कात्री इथेच लागते.

या आठवड्याचं होमवर्क:

1. आजची 80 टक्के कमाई कुठून येते आणि ती किती वर्षं टिकेल, ते लिहा.
2. त्यानंतरची कमाई कुठून येणार? तिची 'ओबी' काढायला किती महिने लागतील?
3. त्या कामाची रक्कम दर महिन्याला वेगळी काढा. विक्री 20 टक्के पडली तरी ती परवडेल का, हेही तपासा. परवडत नसेल तर रक्कम लहान करा, पण शून्यावर आणू नका.
4. हा कागद दरवर्षी एप्रिलमध्ये पुन्हा लिहा. खाणीचाही प्लॅन नवीन माहिती आली की बदलतो.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कोरं राहिलं तर घाबरू नका. पहिला टप्पा अजून कमावतोय, तोवर तुमच्या हातात वेळ आहे. कामाला लागा. भेटूया पुढच्या व्हिडिओत!