पंचवीसशेची रायफल घेऊ का, ताई?

अगं मनू, पंचवीसशे डॉलर! आणि त्यात स्कोप नाही, काडतुसं नाहीत, खांद्याला अडकवायचा पट्टासुद्धा नाही. फोटो पाहिला मी नीट. देखणी आहे, यात वादच नाही. कार्बन फायबरची काळी नळी, तिच्यावरची ती विणल्यासारखी जाळी, मातकट हिरवा दस्ता. दुकानदाराने हातात दिल्यावर तुला ती खाली ठेववली नसणार. पण "घेऊ का?" असं तू मला विचारलंयस, तेव्हा आता मोठ्या बहिणीचं सगळं ऐकून घ्यावं लागेल.

आधी आपल्या दोघींतली एक गोष्ट. तुझ्या ऑफिसातल्या ज्या मंडळींनी तुला डिअर कॅम्पला बोलावलंय ना, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी पहिली रायफल विकत घेतलेलीच नसते. ती आजोबांची असते. विंचेस्टर ९४ नाहीतर मार्लिन ३३६, लाकडावर चरे पडलेले, बापाने शाळेच्या वयात हातात दिलेली. आपल्या घरात असलं काही नव्हतं आणि असण्याचा प्रश्नही नव्हता. भारतात १९७२ चा वन्यजीव कायदा आला आणि शिकार हा विषयच संपला. आपण बंदूक पाहिली ती बँकेच्या दारातल्या वॉचमनच्या खांद्यावर. त्यामुळे आपली सुरुवात थेट दुकानाच्या काउंटरपासून. आणि वारशात काही न मिळालेलं गिऱ्हाईक समोर आलं की दुकानदार सगळ्यात आधी धीर विकतो. "ही घ्या मॅडम, नेम चुकायचाच नाही." बाकी सगळं असेल त्या रायफलीत, पण हा धीर तेवढा नसतो.

त्या पाटीवर 'सब-एमओए गॅरंटी' लिहिलं होतं, त्याला तू भाळलीस असं दिसतंय. एमओए म्हणजे कोनाचं एक मिनिट, एका अंशाचा साठावा भाग. शंभर यार्डांवर त्याची रुंदी होते १.०४७ इंच. कंपनीचं म्हणणं एवढंच, की चांगली काडतुसं वापरून शंभर यार्डांवर तीन गोळ्या झाडल्या तर तिन्ही भोकं साधारण इंचभर जागेत पडतील. छानच. पण हीच गॅरंटी हजार डॉलरच्या आतल्या रायफलींवरही मिळते. टिक्का देते, वेदरबीच्या व्हॅनगार्डवर मिळते, स्पेनच्या बर्गाराच्या बी-१४ वरही मिळते. शिवाय तीन गोळ्यांवरून कळतं तरी काय? तीन नशिबानेही जवळजवळ पडतात. त्याच रायफलीने न हलवता दहा झाड, मग तिचा खरा पसारा दिसतो. रेंजवर जो तो खिशातून चिमुकल्या तीन भोकांचा कागद काढून दाखवतो. त्याच्या आधीचे आणि नंतरचे कागद कुठे गेले ते कुणी विचारत नाही.

आता हा हिशेब जंगलात नेऊन बघ. व्हाइटटेल हरणाच्या छातीत, हृदय आणि फुप्फुसं असतात तिथे, आपल्याला साधारण आठ इंचांची जागा मिळते. तुमचा कॅम्प उत्तरेच्या झाडीत आहे; तिथे शंभर यार्डांपलीकडचं बऱ्याचदा दिसतच नाही. दीड एमओएची साधी रायफल तिथे दीड इंचात गोळ्या टाकणार आणि ती तुझी सुंदरी अर्ध्या इंचात. फरक किती? एका इंचाचा. आणि तू पहाटेपासून मचाणावर बसलेली, बोटं गारठलेली, इतक्यात शिंगं दिसतात आणि छाती धडधडायला लागते. इथले लोक त्याला बक फीव्हर म्हणतात, आणि तो जुन्याजाणत्यांनाही येतो. टेकू नसेल तर अशा वेळी माझ्या स्कोपमधली रेघ हरणाच्या अंगावर चार-पाच इंच फिरत असते. तिथे रायफलीचा तो एक इंच कुठे शोधायचा?

पूर्वी हे असं नव्हतं, हेही सांगते, कारण कॅम्पातले म्हातारे तुला "परवडेल तेवढी महाग घे" असंच सांगतील. त्यांच्या काळी ते खरं होतं. स्वस्त रायफलीचा ट्रिगर इतका जड असायचा की तो ओढता ओढताच नेम हलायचा. मग गनस्मिथकडे खेटे घाला. सॅव्हेजने या शतकाच्या सुरुवातीला अ‍ॅक्युट्रिगर आणला, ग्राहकाला स्वतः हलका करता येईल असा, तोही साध्या किमतीच्या रायफलीत. मग सगळ्यांनाच जाग आली. २०१२ च्या सुमाराला रुगर अमेरिकन आली आणि पाचशेच्या आत-बाहेर मिळणारी रायफल नेमाला महागाच्या शेजारी जाऊन बसली. थोडक्यात, तळ वर आला. दुकानातल्या पाट्यांवरची भाषा मात्र अजून जुन्याच काळातली आहे.

तुला एकच जोडी दाखवते, म्हणजे पैसा कुठे जातो ते कळेल. फिनलंडमध्ये रीहिमाकी नावाचं गाव आहे. तिथल्या एकाच कारखान्यात साको बनते आणि टिक्काही बनते. मालक एकच, इटलीची बेरेटा. दोघींच्या नळ्या तिथेच थंड पोलादावर हातोड्यांचे घाव घालून घडवतात. टिक्का टी३एक्स लाइट मिळते हजाराच्या आत, आणि साको ९० घ्यायला गेलीस तर दोन हजारांच्या वर, लाकूड चांगलं हवं असेल तर आणखी पुढे. मग फरक कशाचा? टिक्काने खर्च वाचवलाय: काडतूस लहान असो की लांब, बॉडी एकाच मापाची, मॅगझिन प्लास्टिकचं. साको काडतुसाच्या मापाप्रमाणे बॉडी वेगळी करते, बोल्टला दोनाऐवजी तीन खटके देते, फिनिशिंगवर माणसांचा वेळ घालते. बोल्ट मागेपुढे करून बघ, साकोचा लोण्यासारखा सरकतो. (टिक्काचाही सरकतो, खरं सांगायचं तर.) हे सगळं खरं काम आहे, फुकटचा भाव नाही तो. पण ज्या नळीतून गोळी बाहेर पडते ती दोघींचीही त्याच छपराखाली घडलेली.

आणि तुझी ती कार्बनची नळी. कार्बन हलका असतो हे खरं, पण कशापेक्षा? तेवढ्याच जाडीच्या पोलादी नळीपेक्षा. बारीक पोलादी नळी मुळातच हलकी असते. तू पाठवलेल्या रायफलीचं वजन साडेसहा पौंडांच्या आसपास लिहिलंय. टिक्का लाइटही तिथेच घुटमळते. जाड कार्बनच्या नळीचा उपयोग एकामागोमाग खूप गोळ्या झाडणाऱ्याला. तू नोव्हेंबरात झाडणार एक. फार तर दोन.

मग महागाची रायफल कुणीच घेऊ नये का? असं नाही म्हणत मी. उद्या तू कोलोरॅडोत दहा हजार फुटांवर एल्कच्या मागे आठवडाभर चढणार असशील, तर प्रत्येक अर्धा पौंड खांद्याला कळतो आणि तिथे हलक्या, मजबूत, बर्फापावसाला दाद न देणाऱ्या रायफलीचे पैसे वसूल होतात. दोनशे-तीनशे यार्डांपलीकडचा नेम तिथे खरोखर लागू शकतो, तेव्हा तो एक इंचही तीन इंचांचा होतो. आणि दुसरं कारण निव्वळ हौसेचं. पैठणी घेताना तिने ऊब किती मिळेल हे आपण विचारतो का? पदरासाठी घेतो. अक्रोडाच्या लाकडाची, हाताने तासलेल्या नक्षीची साको कुणी तशी घेतली तर मला तिचं कौतुकच वाटेल. फक्त हौसेला हौस म्हणावं. नवऱ्याला "नेमासाठी घेतली" असं सांगू नये.

'लाइफटाइम वॉरंटी' हाही एक मोहाचा शब्द. कुणाच्या लाइफटाइमची, ते बघावं. रेमिंग्टन १८१६ पासूनची कंपनी, १९६२ साली आलेली तिची मॉडेल ७०० इथे घरोघरी. ती कंपनीसुद्धा २०१८ आणि २०२० अशी दोनदा दिवाळखोरीत गेली आणि शेवटी तुकड्यांनी विकली गेली.

ज्याबद्दल कुणीच बोलत नाही आणि आपल्याला सगळ्यात जास्त नडतं ते म्हणजे माप. दस्त्याच्या टोकापासून ट्रिगरपर्यंतचं अंतर बहुतेक रायफलींत साडेतेरा इंचांच्या पुढे असतं, सहा फुटी पुरुषाच्या हाताला जुळणारं. तू पाच फूट दोन. तुला साडेबारा-तेरा लागणार. दस्ता लांब झाला की मान पुढे ताणावी लागते, स्कोपमध्ये काळी चंद्रकोर दिसते आणि धक्का खांद्याऐवजी दंडावर बसतो. पंचवीसशेची असो नाहीतर पाचशेची, अंगाला न बसणारी रायफल नेमाला लागत नाही. टिक्काची कॉम्पॅक्ट मिळते, सॅव्हेजच्या ११० मध्ये अ‍ॅक्युफिट नावाची सोय आहे, पट्ट्या घालून-काढून दस्ता लहानमोठा करायची. वेदरबीने तर खास बायकांच्या अंगमापाची व्हॅनगार्ड काढली आणि तिला रॉय वेदरबीच्या बायकोचं, कॅमिलाचं नाव दिलं. नुसता गुलाबी रंग मारून 'लेडीज' म्हणून विकतात तिकडे बघूही नकोस. गुलाबी जॅकेट हवं तर घे. विस्कॉन्सिनने २०१६ पासून शिकारीला भगव्याबरोबर भडक गुलाबीही चालवून घेतलाय.

दुकानात जाशील तेव्हा थंडीतला जाडा कोट घालून जा, सप्टेंबर असला तरी. लोक बघतील, बघू देत. शर्टावर नीट बसलेली रायफल कोटावर इंचभर लांब होते. आणि दुकानदार .३०० विन मॅग काडतुसाची रायफल पुढे करेल, "एल्कलाही चालेल" म्हणत. तिचा धक्का ६.५ क्रीडमूरच्या दुप्पट धर. हलकी रायफल आणि दांडगं काडतूस ही जोडी म्हणजे चाप ओढायच्या आधीच डोळे मिटायची सवय. एकदा ती लागली की सोडवताना वर्षं जातात. .२४३, ६.५ क्रीडमूर नाहीतर .३०८, यांतलं काहीही घे. हरणाला तिन्ही पुरेत, आणि गावोगावच्या दुकानात ही काडतुसं मिळतात.

आता तुझे पंचवीसशे माझ्या हातात दे. आठ-नऊशे रायफलीला. चारशे-पाचशे स्कोपला, आणि यात काटकसर करू नकोस. संध्याकाळच्या शेवटच्या वीस मिनिटांत हरणं बाहेर पडतात तेव्हा काच चांगली असेल तरच पुढचं दिसतं. स्कोप बसवायच्या चांगल्या रिंगा, आणि स्क्रू मापाने आवळायचा टॉर्क ड्रायव्हर. "रायफल बिघडली" म्हणून रेंजवर कपाळाला हात लावून बसलेल्यांपैकी किती जणांचा नुसता स्क्रू ढिला असतो म्हणून सांगू! मग शिकारीच्या काडतुसांचे दहा डबे, वीस-वीसचे, सगळे एकाच बनावटीचे. डबा साधारण चाळीसला धर. उरलेल्यात टिक्काचीच टी१एक्स, .२२ ची. हाताला मोठ्या बहिणीसारखीच लागते, आणि गोळी काही सेंटांत पडते. उन्हाळाभर तिच्यावर हात बसव. बसून, गुडघ्यावर, काठीच्या टेकूने झाड. टेबलावर वाळूची पिशवी ठेवून झाडू नकोस, जंगलात टेबल नसतं. एवढं करूनही पंचवीसशेच्या फार पुढे जाणार नाहीस.

हो, आणि बंदूक विकत घेताना फॉर्म ४४७३ भरावा लागतो, तेव्हा ग्रीन कार्ड बरोबर ठेव, त्यावरचा नंबर लागतो. तुझी ती मैत्रीण, एच-वनवर असलेली, तिलाही घ्यायची असेल तर आधी शिकारीचं लायसन्स काढायला सांग. त्याशिवाय तिला बंदूक हातात घेणंही कायद्याने बंद आहे. आईला मात्र यातलं काही कळवू नकोस. हरणाचं मटण फ्रीझरमध्ये असतं एवढंच तिला माहीत आहे आणि तेवढंच तिला झेपतं.

थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सीझन उघडतो, नऊ दिवसांचा. त्याआधी एखाद्या रविवारी वॉसॉला ये. माझी टिक्का आहे, आणि शेजारच्या काकांची साको मागून ठेवते, ते नाही म्हणणार नाहीत. दोन्हींनी दहा-दहा गोळ्या झाड, कागदांवर नावं न लिहिता. मग कुठला कागद कुठल्या रायफलीचा ते मला ओळखून दाखव. ओळखलास, तर पंचवीसशेची घे, मी आडवी येणार नाही. येताना तेवढा कोट विसरू नकोस.