मुलाची केस, आईचं तिकीट: महाड-पोलादपूरच्या पालकांसाठी खर्चाचा हिशेब

पोलादपूर तालुक्यातल्या सोळा वर्षांच्या मुलावर चोरीचा आळ आला आहे आणि बाल न्याय मंडळाच्या तारखेला तो आईबरोबर अलिबागला निघाला आहे, असं धरून हिशेब मांडू. मंडळाची बैठक जिल्ह्यात दुसरीकडे असेल तर तिथलं अंतर धरा. पोलादपूर ते अलिबाग सुमारे १३० किलोमीटर. जानेवारी २०२५ च्या भाडेवाढीनंतर एसटीच्या साध्या गाडीला सहा किलोमीटरच्या टप्प्यामागे १० रुपये ५ पैसे पडतात. म्हणजे मुलाचं एका बाजूचं तिकीट सव्वादोनशेच्या आसपास आणि आईला महिला सन्मान योजनेत त्याच्या निम्मं. जाऊन-येऊन दोघांचे साडेसहाशे. शिवाय आईची मजुरी बुडते. रोजगार हमीचा २०२५-२६ चा दर धरला तरी ते ३१२ रुपये झाले. बाहेरचं खाणं न धरताही एक तारीख हजाराला पडते. कापडे, पितळवाडीच्या पुढच्या वाड्यांवरून निघणाऱ्यांना पोलादपूरच्या स्टँडपर्यंत येण्याचा खर्च वेगळा. चौकशी चार महिन्यांत संपवायची असते, ती आणखी दोन महिने वाढू शकते. मजुरीवर चालणाऱ्या घराला इतक्या तारखा झेपत नाहीत.

यातला प्रवासाचा खर्च परत मागण्याचा हक्क कायद्यानेच दिला आहे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाचं कलम ९१ नीट लक्षात ठेवा. मुलाची हजेरी आवश्यक असेल, तर मुलाचा आणि त्याच्यासोबत आलेल्या एका माणसाचा प्रत्यक्ष झालेला प्रवासखर्च मंडळाने किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षाने द्यायचा आहे. हजेरी आवश्यक नसेल, तर मंडळ ती माफ करू शकतं. म्हणून पहिल्याच तारखेला एका साध्या कागदावर दोन मागण्या लिहून द्या: गरज नसलेल्या तारखांची हजेरी माफ व्हावी आणि ज्या तारखेला बोलावलं त्या तारखेचं भाडं मिळावं. अर्जाची एक प्रत पोच घेऊन स्वतःजवळ ठेवा. एसटीच्या मशीनच्या तिकिटावरची शाई थोड्या दिवसांत उडते, कोरा कागद हातात राहतो. तिकीट हातात पडलं की लगेच मोबाईलवर फोटो काढा आणि जमलं तर झेरॉक्सही करून घ्या. हा पैसा मागताना संकोच करू नका, तो तुमचा आहे.

वकिलाला शून्य रुपये. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार स्त्री आणि बालक यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. कोर्ट फी, टायपिंग, नकला हेही त्यात आलं. तालुक्याच्या न्यायालयातली तालुका विधी सेवा समिती, अलिबागचं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण किंवा १५१०० हा फोन, यांपैकी कुठूनही सुरुवात करता येते. मुलाला वकील मिळेल हे पाहणं मंडळाचंही काम आहे. मोफत वकील म्हणजे कमी प्रतीचा, असं समजून दागिने गहाण टाकून दुसरा वकील शोधायला धावू नका.

जामिनाचा खर्च बहुतेक वेळा भीतीपोटीच वाढतो. मुलाला २४ तासांच्या आत मंडळापुढे न्यावं लागतं, प्रवासाचा वेळ सोडून. मंडळ बसलेलं नसेल तर एका सदस्यापुढेही हजर करता येतं. त्याला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. गुन्हा जामीनपात्र असो वा नसो, बाल न्याय अधिनियमाच्या कलम १२ नुसार सोडणं हाच नियम आहे. मुलगा पुन्हा गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याला धोका होईल किंवा न्यायाचा हेतूच विफल होईल, असं दिसलं तरच नकार देता येतो आणि त्याची कारणं लिहावी लागतात. जामीनदाराशिवायही सोडता येतं, परिविक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखालीही सोडता येतं. जामिनाच्या अटी सात दिवसांत पुऱ्या करता आल्या नाहीत, तर त्या बदलण्यासाठी मुलाला पुन्हा मंडळापुढे आणावं लागतं. निव्वळ जामीनदार मिळत नाही म्हणून पोरगं निरीक्षणगृहात पडून राहणं कायद्याला मान्य नाही.

कागद म्हणाल तर आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला, तो नसेल तर ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा जन्मदाखला. दोन्ही नसतील तरच वैद्यकीय वयचाचणी. वीटभट्टीच्या हंगामात शाळा सुटलेल्या कातकरी मुलांच्या बाबतीत हा दाखला आधी शोधा, कारण पुढचं सगळं वयावर उभं आहे. आई-वडील मुंबईला किंवा सुरतेला असतील, तर मुलाला प्रत्यक्ष सांभाळणारी आजी किंवा काका मंडळापुढे पालक म्हणून उभे राहू शकतात.

सगळ्यात कमी वापरली जाणारी वाट पुढची आहे. केस चालू असलेला मुलगा त्याच वेळी काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालकही असू शकतो, हे कायदा मान्य करतो. मंडळ त्याचं प्रकरण बालकल्याण समितीकडे पाठवू शकतं. आई विधवा किंवा परित्यक्ता असेल, वडील अंथरुणाला खिळलेले असतील, तर वकिलामार्फत हे मागाच. तिथून केंद्राच्या मिशन वात्सल्यची प्रायोजकत्व मदत महिन्याला ४,००० रुपये मिळू शकते. उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात वर्षाला ७२,००० आणि इतरत्र ९६,०००. राज्याच्या बालसंगोपन योजनेत महिन्याला २,२५० रुपये आहेत. आपलं घर कोणत्या योजनेत बसतं ते समितीला विचारा. उत्पन्नाच्या दाखल्याच्या प्रतिज्ञापत्राला ५०० रुपयांचा मुद्रांक आता लागत नाही, साधा कागद चालतो. याच मिशन वात्सल्यमध्ये संस्थेत ठेवलेल्या मुलाच्या पालनपोषणासाठी महिन्याला ३,००० रुपये धरले आहेत, म्हणजे मूल घरी राहावं यासाठीची रक्कम अधिक आहे. यात केंद्राचा वाटा ६० टक्के, राज्याचा ४०. तरतूद आहे, अर्ज मात्र घरूनच यावा लागतो.

निकालाच्या वेळी मंडळापुढे बरेच पर्याय असतात: समज देऊन घरी पाठवणं, समुपदेशन, समाजसेवा, दंड, तीन वर्षांपर्यंत चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर पालकांकडे सोपवणं. विशेष गृह यादीत सर्वांत शेवटी आहे. दंड पालकांनाही भरावा लागू शकतो, म्हणून ऐपत नसेल तर तसं स्पष्ट सांगा आणि समाजसेवा मागा. ती महाड-पोलादपुरातच, उदाहरणार्थ ग्रामीण रुग्णालयात, करता यावी हेही मागा, म्हणजे पुन्हा भाडं नको. परिविक्षा अधिकारी घरी चौकशीला येतो त्याचे पैसे नसतात. त्याच्या सामाजिक चौकशी अहवालावर बरंच काही ठरतं, तेव्हा शाळा सुटण्याचं कारण, घरचं आजारपण, कर्ज, काही लपवू नका.

गुन्ह्याला किमान सात वर्षांची शिक्षा असेल आणि मुलगा सोळा पूर्ण असेल, तर प्रकरण वेगळ्या वळणावर जाऊ शकतं. तेव्हा कोणताही जबाब किंवा सही देण्याआधी १५१०० ला फोन करा.

मुलाचं नाव, फोटो, शाळा कुणीही छापू नये किंवा व्हॉट्सअॅपवर फिरवू नये. तसं करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड आहे. गावच्या ग्रुपवर असं काही आलं, तर सरपंचांनी आणि शिक्षकांनी ते त्याच क्षणी थांबवावं, ही विनंती.