वाचकांचे प्रश्न : बेटावर उतरताना

प्रश्न : आम्ही मूळचे शिंदखेड्याचे, पंधरा वर्षं पांडेसऱ्यात भाड्याने राहतो. मी डाइंग मिलमध्ये आहे. दिवाळीत मिल बंद असताना कोचीहून बोटीने लक्षद्वीप फिरायचंय. पासपोर्ट लागेल का? बेटाबेटावर कस्टमवाले सामान तपासतात का? अमेरिकेतले दाजीही येणार आहेत, त्यांच्याकडे ओसीआय कार्ड आहे.
– एक वाचक, पांडेसरा, सुरत

उत्तर : पासपोर्ट नको आणि कस्टमचीही भीती नको. देश एकच, त्यामुळे अगत्तीहून कदमतला गेलात तरी तो देशातलाच प्रवास. मिनिकॉयच्या दक्षिणेला आठ अंश खाडी ओलांडून मालदीवला गेलात, तर मात्र इमिग्रेशन आणि कस्टम दोन्ही आले.

तुमची खरी अडचण परवान्याची आहे. 1967 च्या नियमांनुसार लक्षद्वीपबाहेरच्या भारतीयालाही तिथे प्रवेश-परवाना लागतो. 36 बेटं, त्यांपैकी माणसांची वस्ती दहांवर, सगळी जमीन मिळून जेमतेम 32 चौरस किलोमीटर. स्थानिक लोक बहुतेक अनुसूचित जमातीचे. मोकळं रान सोडलं तर त्यांच्या वाट्याला काय उरेल? त्यामुळे मला हा नियम जाचक वाटत नाही. जी बेटं पाहायची, ती सगळी अर्जातच लिहा.

अर्जासोबत पोलिसांचा दाखला मागतात आणि पांडेसऱ्यातले भाडेकरू नेमके तिथे अडकतात. आधार कार्डावर शिंदखेडा, राहणं सुरतेत, म्हणजे दाखला कुठल्या पोलिसांचा? अर्ज, आधार आणि दाखला, तिन्हींवर एकच पत्ता असलेला बरा. म्हणून आधी भाडेकरार दाखवून आधारवरचा पत्ता बदलून घ्या, मग पोलिसांकडे जा. हे दिवाळीच्या तोंडावर होणार नाही, आत्ताच सुरुवात करा.

दाजींचं प्रकरण वेगळं. ओसीआय म्हणजे नागरिकत्व नव्हे. 4 मार्च 2021 च्या अधिसूचनेनुसार प्रतिबंधित क्षेत्रात जायला ओसीआयधारकालाही खास परवानगी काढावी लागते. तुमच्या परवान्यात त्यांचं नाव घुसडून भागणार नाही.

बंगारम बेट सोडलं तर लक्षद्वीपमध्ये दारूबंदी आहे. त्याची सुरतकरांना सवय आहेच. आणि किनाऱ्यावर पडलेलं प्रवाळ पोरांनी खिशात टाकलं, तर तिथेच ठेवायला लावा. मेलेल्या प्रवाळालाही वन्यजीव संरक्षण कायदा लागू आहे, आणि परतताना सामान तपासलं जाऊ शकतं, ते त्यासाठी.