परदेशातील देऊळ आणि भ्रमराची शिकवण

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तभक्तहो, आपल्यापैकी अनेकांची मुले आज परदेशी आहेत. कधी ना कधी दोन-तीन महिने त्यांच्याकडे जाऊन राहायची वेळ येते. बॅग भरताना भाजणी, मेतकूट, औषधे सगळे आठवते, पण एक प्रश्न मनात उरतोच. तिथे देवाचे काय? गुरुवार कसा पाळायचा? या प्रश्नाचे उत्तर मला सिंगापूरला मिळाले, आणि तेही माझ्याच चुकीतून. म्हणून आधी चूक सांगतो.

मी कॉमर्सचा पदवीधर. बँकेत चौतीस वर्षे कारकुनी केली. दर दत्तजयंतीला सहकुटुंब नरसोबाच्या वाडीला जायचे, हा आमचा नेम. मुलगा नोकरीसाठी सिंगापूरला गेला आणि त्याचे वाडीला येणे थांबले. चार वर्षे मी फोनवर त्याला एकच वाक्य ऐकवत होतो, "तिकडे गेलास आणि देवाला विसरलास." तो गप्प बसायचा. त्याचे गप्प बसणे म्हणजे कबुली, असा हिशेब मी मांडून टाकला होता.

तिथे पोचल्यावर पहिल्याच गुरुवारी सौ.ला घेऊन मी मेट्रोने श्री मारीअम्मन मंदिरात गेलो. साऊथ ब्रिज रोडवरचे हे देऊळ सिंगापुरातले सर्वांत जुने हिंदू मंदिर. गंमत म्हणजे ते चिनी वस्तीत आहे. जवळच जुनी मशीद आहे. शेजारच्या गल्ल्यांची नावेसुद्धा टेंपल स्ट्रीट, पॅगोडा स्ट्रीट, मॉस्क स्ट्रीट अशी आहेत. दारावर रंगीत मूर्तींनी भरलेले उंच गोपुर आहे. त्या गोपुरालाच लोक पॅगोडा म्हणत, त्यावरून गल्लीला नाव पडले.

आम्ही पोचलो साडेबाराला आणि देऊळ बंद! दक्षिणेकडच्या रीतीप्रमाणे दुपारी दरवाजा लावतात, तो संध्याकाळी सहाला उघडतात. मी चिडलो. सौ. हसून म्हणाली, "अहो, तुम्ही जन्मभर लोकांच्या तोंडावर काउंटर बंद केलंत. आज देवीनं तुमच्यासमोर केलं, तर राग कशाला?" यावर मी काय बोलणार?

संध्याकाळी मुलगा ऑफिसातून आल्यावर तिघे पुन्हा गेलो. बाहेर चपला काढल्या, नळावर पाय धुतले. आत मधोमध मारीअम्मन, दोन्ही बाजूंना राम आणि मुरुगन. देवीचे नाव ऐकून मला गावाच्या वेशीवरची मरीआई आठवली. रोगराईपासून गावाला राखणारी आपली मरीआई, तीच तमिळ लोकांची मारीअम्मन. तमिळनाडूत तिची एक कथा रेणुकेशी जोडलेली आहे. आणि रेणुका म्हटले की माहूर आले, माहूर म्हटले की दत्तशिखर आले! म्हणजे मी परक्याच्या दारात नव्हतोच.

अर्चनेची पावती फाडली. गुरुजींनी नाव आणि नक्षत्र विचारले. मी "पुष्य" म्हणालो, ते त्यांना नीट कळेना. इतक्यात मागून मुलगा म्हणाला, "पूसम." मग आईचे नाव सांगून म्हणाला, "तिरुवोणम." सौ.चे नक्षत्र श्रवण, त्याला तमिळमध्ये तिरुवोणम म्हणतात. गुरुजींनी ओळखीचे हसून मान डोलावली.

बाहेर आल्यावर मी विचारले, "तुला हे कसं माहीत?" तो म्हणाला, "बाबा, दर पौर्णिमेला येतो मी. वाडीला येणं जमत नाही, म्हणून इथं तुमच्या दोघांच्या नावानं अर्चना करतो."

"मग फोनवर कधी बोलला नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कुठे?"

चार वर्षे मी त्याच्या खात्यावर नावे टाकत होतो, जमेची बाजू एकदाही पाहिली नव्हती. जन्मभर दुसऱ्यांचे हिशेब तपासणाऱ्या माणसाची ही गत! त्या रात्री मी मुलाजवळ चूक कबूल केली.

आता यातून घ्यायचा बोध. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. त्यात एक भ्रमर आहे. भ्रमर लहान-मोठ्या सगळ्या फुलांतून सार तेवढे घेतो, फूल आपल्या बागेतले आहे का हे विचारत नाही. आपले दत्तगुरू तर काशीला स्नान, कोल्हापूरला भिक्षा आणि माहूरला निद्रा करणारे. त्यांचा भक्त एकाच ठिकाणाला अडून कसा बसेल? वाडीची ओढ असावीच, पण तिची काठी करून मुलांना मारू नये.

त्या देवळाचा इतिहासही हेच शिकवतो. नारायण पिल्लई नावाचे गृहस्थ १८१९ साली पेनांगहून सिंगापूरला आले. त्यांनी विटांची भट्टी काढली, कापडाचा धंदा केला. पुढे आगीत दुकान गेले, कर्ज झाले, तरी ते पुन्हा उभे राहिले. १८२७ साली त्यांच्या पुढाकाराने लाकूड आणि झावळ्यांचे साधे देऊळ उभे राहिले. भारतातून नव्याने आलेल्या मजुरांना काम मिळेपर्यंत तिथेच आसरा मिळे. पोट हातावर घेऊन समुद्र ओलांडणाऱ्यांनी आधी देवाला जागा केली. परदेशी गेलेली मुले देवाला विसरतात, असे सरसकट म्हणताना हे आठवावे.

जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी सांगतो :

१. देवळाची वेळ आधी विचारून घ्यावी. दक्षिणी पद्धतीची मंदिरे बहुधा दुपारी बंद असतात.

२. घरातील सर्वांची नावे, गोत्र आणि नक्षत्र एका कागदावर लिहून पाकिटात ठेवावे.

३. "आमच्याकडे असं नसतं" हे वाक्य चपलांबरोबर बाहेर ठेवावे. तिथले लोक करतात तसे करावे, गाभाऱ्याकडे पुढे घुसू नये, फोटो विचारून काढावा.

४. मुलांना सोबत न्यावे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यांना विचारावे. कदाचित ती आपल्या आधीच तिथे जाऊन आलेली असतील.

यंदाच्या दत्तजयंतीला आम्ही दोघे वाडीला असू, मुलगा तिथे अर्चना करील. दोन्हीकडचा नमस्कार पोचणार एकाच चरणी.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥