केसाहून बारीक, तरी समोरासमोर

वसईच्या किल्ल्याजवळचे पाचूबंदर हे मच्छीमारांचे गाव. तेथून आमच्या महाविद्यालयात येणारा अकरावीचा एक विद्यार्थी एकदा तास संपल्यावर माझ्यापाशी आला.

"सर, घरचं नेट बंद पडलंय. खोक्यावर लाल दिवा लागलाय. खोकं पुसताना मी हिरव्या टोकाची वायर काढली, टोक शर्टाला पुसलं आणि परत बसवलं. वायर तुटलेली नाही, टोकही घट्ट बसलंय. मग उजेड जात का नाही?"

बोट घेऊन निघण्यापूर्वी त्याचे वडील वाऱ्याचा अंदाज याच नेटवर पाहत. त्यामुळे घरी बोलणीही बसली होती.

मी त्याला उलट विचारले, "बोटीचं इंजिन उतरवून परत बसवताना बाबा काय बघतात?"

"इंजिन आणि पंख्याचा शाफ्ट एका रेषेत आलाय का ते. नाहीतर बोट थरथरते."

त्याच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्यानेच दिले होते.

दोन गाभ्यांची भेट

प्रकाशतंतू म्हणजे काचेचा अतिशय बारीक धागा. त्याची जाडी १२५ मायक्रोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरचा आठवा भाग असते. पण प्रकाश या सगळ्या जाडीतून जात नाही. मधोमध सुमारे ९ मायक्रोमीटर जाडीचा गाभा असतो. त्याचा वक्रीभवनांक भोवतालच्या काचेपेक्षा किंचित जास्त असल्यामुळे प्रकाश गाभ्यातच कोंडून राहतो. आपला केस साधारण ५० ते १०० मायक्रोमीटर जाड असतो. त्यावरून या गाभ्याची कल्पना करा.

असे दोन तंतू जोडायचे, तर एकाचा गाभा दुसऱ्याच्या बरोबर समोर यायला हवा. तो १ मायक्रोमीटर बाजूला सरकला, तर सुमारे ४ टक्के प्रकाश वाया जातो. २ मायक्रोमीटर सरकला तर १५ टक्के, आणि ५ मायक्रोमीटर सरकला तर जवळजवळ ६३ टक्के! अंतर पाचपट झाले, पण हानी सुमारे सोळापट झाली, हे ध्यानात घ्या.

आपल्या देशात स्थानिक दूरध्वनी केंद्रांना जोडणारी पहिली प्रकाशतंतू यंत्रणा १९७९ साली पुण्यात सुरू झाली. त्या काळी अशा कामासाठी सुमारे ५० मायक्रोमीटर गाभ्याचे तंतू वापरत. पुढे पातळ गाभ्याचे तंतू आले. त्यांतून संदेश कितीतरी दूर जाऊ लागले, पण जोडणीचे काम तितकेच नाजूक झाले.

स्क्रू न पिळता नेमकेपणा

मग नेट जोडायला येणारा कारागीर सूक्ष्मदर्शकाखाली स्क्रू पिळत बसतो का? नाही. तो टोक नुसते खटकन दाबतो. नेमकेपणा त्याच्या हातात नसून वस्तूच्या आकारात आहे. हे समजण्यासाठी एक प्रयोग करा.

शीतपेयाच्या सारख्या जाडीच्या दोन कागदी नळ्या घ्या. दोन्ही हातांत एकेक धरून त्या टोकाला टोक लावा आणि त्यांतून उजेडाच्या खिडकीकडे पाहा (सूर्याकडे मात्र पाहू नका). भोके जुळवताना हात थरथरतील. आता जाड पुठ्ठा मधोमध दुमडून 'व्ही' आकाराची पन्हळ करा आणि त्यात दोन्ही नळ्या टोकाला टोक लावून ठेवा. काही न करता त्या एका रेषेत येतात! मग एक नळी बारीक घेऊन पाहा. ती पन्हळीत खोल बसते आणि भोके जुळत नाहीत.

म्हणजे आतली भोके जुळवायची, तर बाहेरची जाडी सारखी हवी आणि भोक बरोबर मध्यावर हवे. कनेक्टरचे सारे तत्त्व एवढेच आहे. तंतूचे टोक झिर्कोनिया नावाच्या कठीण सिरॅमिकच्या दांडीत चिकटवलेले असते. या दांडीला फेरूल म्हणतात. तिची जाडी २.५ मिलिमीटर असते आणि मधले भोक तंतूपेक्षा जेमतेम मोठे, म्हणजे १२५ ते १२६ मायक्रोमीटरचे असते. दोन फेरूल एका लांबट फट असलेल्या नळीत दोन्ही बाजूंनी शिरतात. नळी आतून किंचित तंग असते. फटीमुळे ती थोडी फाकते आणि दोघींना सारखी आवळून एका अक्षावर आणते. मागची स्प्रिंग टोकांना एकमेकांवर दाबून ठेवते. फेरूल बाहेरच्या प्लास्टिकमध्ये किंचित सैल असते, म्हणून वायरीला हिसका बसला तरी आतली भेट सहसा मोडत नाही.

टोके दाबायची कशासाठी? मध्ये हवा राहिली, तर काच आणि हवा यांच्या दोन पृष्ठभागांवर मिळून सुमारे ७ टक्के प्रकाश परावर्तित होऊ शकतो. म्हणून टोके घासून किंचित फुगीर करतात, म्हणजे गाभे एकमेकांना खरोखर टेकतात. हिरव्या कनेक्टरचे टोक शिवाय ८ अंशांनी तिरपे असते. त्यामुळे उरलासुरला परावर्तित प्रकाश गाभ्यातून मागे जात नाही. निळ्या कनेक्टरचे टोक असे तिरपे नसते. म्हणून हिरवा आणि निळा कधी जोडू नयेत. त्यांच्यात फट राहते.

मग चुकले कुठे?

रेषा चुकली नव्हती. चुकला होता तो शर्ट! बंदरावरच्या वाऱ्यात खाऱ्या पाण्याचे तुषार असतात. ते सुकले की मिठाचे कण उरतात. कापडाचे तंतू, बोटांचा तेलकटपणा आणि वाळूची धूळ त्यांत भर घालतात. ५ मायक्रोमीटरचा कण डोळ्यांना दिसत नाही, पण ९ मायक्रोमीटरच्या गाभ्यासमोर तो दारातल्या धोंड्यासारखा बसतो. शिवाय तो टोकांना टेकूही देत नाही, आणि दाबला गेला तर काचेवर कायमचा ओरखडा उठतो.

दुसऱ्या दिवशी कारागीर आला. त्याने कॅमेऱ्याच्या छोट्या सूक्ष्मदर्शकाने टोक तपासले, धागे न सुटणाऱ्या खास पट्टीवर ते पुसले, पुन्हा तपासले आणि मगच जोडले. लाल दिवा विझला. ओरखडा उठला नव्हता, हे नशीब!

या वायरीत येणारा प्रकाश अवरक्त असतो, तो दिसत नाही. म्हणून उघड्या टोकात कधीही डोकावू नका. टोक काढावेच लागले, तर त्यावर लगेच टोपण घाला.

विचार करा : तंतूची बाहेरची जाडी अगदी बरोबर आहे, पण गाभा मध्यापासून १ मायक्रोमीटर सरकलेला आहे. असेच दोन तंतू जोडले, तर दोन गाभ्यांमध्ये जास्तीत जास्त किती अंतर पडेल आणि कमीत कमी किती? एक फेरूल नळीत फिरवून बसवता आली, तर काय साधेल?