सनईचा कुबट वास

सनई हे मंगल वाद्य आहे. लग्न असो, मुंज असो, देवळातला उत्सव असो, दाराशी सनई-चौघडा सुरू झाला की घराला शोभा येते. १९४७ साली देश स्वतंत्र झाला, तेव्हा दिल्लीच्या लाल किल्ल्यावर उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांची सनई वाजली. पुढे २००१ साली सरकारने त्यांना भारतरत्न हा किताब दिला. एवढा मान या छोट्या लाकडी वाद्याला आहे.

पण हीच सनई चार पावसाळे माळ्यावर पडून राहिली, तर काय होते? गवसणी उघडताच कुबट वास येतो. तोंडाला लावायची इच्छा होत नाही. हा वास कशाने येतो आणि तो कसा घालवावा, हे या पाठात पाहू.

वास येतो कोठून?

सनईची नळी टणक लाकडाची असते. ती वर अरुंद आणि खाली रुंद असते. वर तोंडात धरायची पत्ती, खाली पितळेचा कर्णा. वाजवताना आपल्या तोंडातली वाफ आणि थोडी लाळ नळीत जाते. ती पुसली नाही, तर आतच मुरते. त्यावर धूळ बसते.

बुरशीचे बी डोळ्यांना दिसत नाही, पण ते हवेत सगळीकडे असते. त्याला रुजायला दोन गोष्टी लागतात : ओल आणि खाद्य. लाळ, धूळ, गवसणीचे कापड, खुद्द लाकूड, हे सगळे तिचे खाद्य. आणि ओल तर आपल्याकडे आषाढ-श्रावणात हवी तेवढी! शिळ्या भाकरीवर बुरशी येते, तशीच ती सनईतही येते. कुबट वास हा त्या बुरशीचा वास.

म्हणजे वास हा रोग नव्हे. रोग आहे ओल. वास ही त्याची खूण.

खूण ओळखावी

आमच्या रात्रीच्या वर्गाला एक सनईवाले येत असत. वडिलांच्या मागे त्यांची सनई माळ्यावर पडली होती. तुळशीचे लग्न झाल्यावर पहिल्याच मुहूर्ताची सुपारी आली, तेव्हा त्यांनी ती खाली काढली. त्यांनी विचारले, "गुरुजी, वास फार मारतोय. अत्तराचा थेंब टाकला तर नाही का चालायचं?"

आम्ही म्हणालो, "अहो, घरात उंदीर मेला तर आपण उदबत्ती लावून बसतो का? आधी उंदीर बाहेर काढतो. तसंच हे."

ते हसले. पण गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. इंग्लंडमध्ये एक गृहस्थ बॅगपाइप वाजवीत असत. हे पिशवी असलेले फुंकवाद्य आपल्याकडे लष्कराच्या बँडमध्ये दिसते. त्यांना कोरडा खोकला आणि दम लागू लागला. २०११ साली ते तीन महिने ऑस्ट्रेलियात गेले. वाद्य घरीच राहिले, आणि त्यांना चांगलाच उतार पडला. परत आल्यावर दुखणे पुन्हा वाढले. २०१४ साली, वयाच्या ६१ व्या वर्षी, ते वारले. डॉक्टरांनी वाद्य तपासले, तर आत अनेक जातींची बुरशी निघाली. ती रोज श्वासाबरोबर छातीत गेल्याने फुप्फुसे बिघडली असावीत, असे त्या डॉक्टरांचे मत पडले. ही हकीकत २०१६ साली वैद्यकीय मासिकात छापून आली.

सनईला पिशवी नसते, म्हणून तिच्यात एवढी ओल साठत नाही. घाबरून जाऊ नये. पण वाद्य तोंडाशी धरून तासन्‌तास वाजवायचे असते. तेव्हा कुबट सनई साफ केल्याशिवाय तोंडाला लावू नये, हे पक्के.

काय करू नये

१. सनई पाण्यात बुडवू नये. लाकूड पाणी पिते, फुगते, आणि वाळताना तडकते.

२. कडक उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नये. बाहेरचे लाकूड आधी आकसते, आतले मागे राहते. त्या ओढाताणीत चीर जाते. शिवाय सूर जुळवण्यासाठी कारागीर काही भोकांत मेण भरतो. ते मेण वितळले, तर सूर बिघडतो.

३. रॉकेल, फिनेल, डांबराच्या गोळ्या वापरू नयेत. ही विषारी द्रव्ये तोंडाजवळ नकोत.

४. अत्तर किंवा तेल लावून वास झाकू नये. बुरशी आतच राहते, आणि वर तेलाचा थर बसतो.

काय करावे

पहिले काम नखाने पाहण्याचे. नळीवर हलकेच नख दाबा. नख रुतले, लाकूड भुसभुशीत लागले, तर ते कुजले आहे. अशी सनई आठवण म्हणून जपावी, वाजवू नये. लाकूड टणक असेल, तर पुढे चला.

नाकातोंडाला रुमाल बांधा. सनई अंगणात, सावलीत घ्या. जुनी पत्ती फेकून द्या. ती साफ होत नाही. पत्ती स्वस्त, छाती महाग. कर्णा निघत असेल तर हलक्या हाताने काढा, साबणाच्या पाण्याने धुवा आणि कोरडा करा.

आता नळी. पांढरा व्हिनेगार आणि पाणी सारखे घ्या. त्यात सुती फडके बुडवून घट्ट पिळा, इतके की थेंब गळता कामा नये. आधी नळीच्या खालच्या कडेला थोडेसे पुसून पाहा. रंग किंवा पॉलिश निघत नसेल, तर सगळी नळी बाहेरून पुसा. मेण भरलेली भोके कोरू नका.

आतून पुसण्यासाठी चिंधीच्या दोन्ही टोकांना लांब दोरा बांधा. एक दोरा रुंद बाजूने सोडून अरुंद बाजूने बाहेर काढा आणि चिंधी हळूहळू ओढा. नळी वर निमुळती असते. चिंधी अडकली, तर मागच्या दोऱ्याने परत ओढता येते. म्हणूनच दोरे दोन. चिंधी काळी निघेल. ती बदला, पुन्हा ओढा. स्वच्छ निघू लागली की शेवटी कोरडी चिंधी दोनतीनदा फिरवा.

मग सनई वाऱ्याच्या जागी, सावलीत, चारपाच दिवस आडवी ठेवा. रोज थोडी फिरवा.

एवढे करूनही वास राहिला, तर झाकणाचा डबा घ्या. तळाशी वाटीत खायचा सोडा किंवा लाकडी कोळशाचे तुकडे ठेवा. सनई वाटीला न लागेल अशी ठेवा आणि झाकण लावा. सोडा आणि कोळसा वास ओढून घेतात. आठवड्याने उघडून पाहा. गरज वाटली तर सोडा बदलून आणखी एक आठवडा ठेवा.

गवसणी विसरू नका! पुष्कळदा खरा वास तिच्यातच असतो. ती गरम पाण्यात साबणाने धुवा आणि कडक उन्हात वाळवा. ऊन सनईला वाईट, गवसणीला चांगले. पेटीचे आतले कापड कुजके असेल, तर खरवडून काढा व नवे लावा.

लाकूड पूर्ण वाळल्यावरच गोड बदामाच्या तेलाचा अगदी पातळ हात द्या. रात्रभर ठेवून सकाळी जादा तेल पुसा.

आमच्या सनईवाल्यांना या सगळ्याला तीन आठवडे लागले. मुहूर्त जवळ आला होता, पण त्यांनी घाई केली नाही. पहिल्या लग्नात शेजारच्या गावाहून मागून आणलेली सनई वाजवली. घरची सनई आधी रोज दहा मिनिटे, मग वीस मिनिटे, अशी हळूहळू वाजती केली. पुष्कळ दिवस कोरडे राहिलेले लाकूड एकदम ओले झाले, तरीही तडकते. दुसऱ्या लग्नात मात्र वडिलांचीच सनई वाजली.

ध्यानात ठेवा

वाजवून झाले की नळी आतून पुसावी. लगेच गवसणीत घालू नये, अर्धा तास वारा द्यावा. पत्ती वेगळी वाळवावी. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा सनई बाहेर काढावी. आणि सर्वांत चांगला उपाय म्हणजे ती वाजवत राहावी. वाजत्या सनईला पुसणारा हात मिळतो, माळ्यावरच्या सनईला बुरशी मिळते.

प्रश्न

१. सनईत कुबट वास कशाने येतो?
२. सनई उन्हात का ठेवू नये? दोन कारणे सांगा.
३. चिंधीला दोन दोरे का बांधायचे?
४. तुमच्या घरात माळ्यावर कोणते वाद्य किंवा लाकडी वस्तू पडून आहे? ती काढून पाहा आणि काय दिसले ते चार ओळींत लिहा.