चिलटांसाठी शेतातली बाटली घरात आणू नका

गेल्या श्रावणात एक आजी चार वर्षांच्या नातवाला कडेवर घेऊन धावत दवाखान्यात आल्या. पोराच्या तोंडातून लाळ गळत होती, अंग घामानं निथळत होतं, वाटेत दोनदा उलटी झालेली. डोळ्यांत बॅटरी मारून पाहिलं तर बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. मी विचारलं, घरात काही फवारलं होतं का? आजी रडत म्हणाल्या, "चिलटायनं जीव नको केला होता जी. शेतातली बाटली होती, तिच्यातलं थोडुसं ओट्यावर मारलं." ओट्यावर केळी होती आणि पोरानं त्यातलंच एक उचलून खाल्लं होतं. ॲट्रोपिन सुरू केलं, 108 बोलावून पुढच्या रुग्णालयात धाडलं. पोरगं वाचलं. पण त्या दिवसापासून हिवरा आश्रमात आणि आसपासच्या गावांत जो भेटेल त्याला मी एकच गोष्ट सांगतो आहे, तीच इथे लिहितो. चिलटांनी आजवर माझ्या दवाखान्यात एकही रुग्ण अत्यवस्थ करून आणलेला नाही. चिलटांवर मारलेल्या औषधानं आणला आहे.

आपल्या मेहकर तालुक्यात सोयाबीन, कापूस, तूर असं पीक. त्यामुळे घरोघरी उरलेल्या कीटकनाशकाची एखादी तरी बाटली असतेच, कधी गोठ्यात, कधी चक्क स्वयंपाकघराच्या फळीवर मिठाच्या बरणीशेजारी. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन कितीतरी शेतकरी आणि मजूर दगावले. ते उघड्या शिवारात होते. स्वयंपाकघर म्हणजे दहा बाय दहाची बंद खोली, खाली रांगणारं मूल, वर उघडी पोळ्यांची दुरडी. माश्यांसाठी पूर्वी घरात सर्रास वापरलं जायचं त्या डायक्लोरव्हॉसवर 31 डिसेंबर 2020 पासून देशात बंदी आहे. जुनी बाटली कुठे पडली असेल तर ती वापरू नका आणि मोरीतही ओतू नका. कुणाला विषबाधा झालीच तर अंगावरचे कपडे काढा, साबण लावून भरपूर पाण्यानं अंग धुवा आणि औषधाची बाटली लेबलासकट दवाखान्यात सोबत न्या. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायच्या भानगडीत पडू नका. ते औषध श्वासनलिकेत गेलं तर दुखणं दुप्पट होतं.

आता चिलटांकडे वळू. केळ्यांभोवती घिरट्या घालणारं, दोन-तीन मिलिमीटरचं, लाल डोळ्यांचं पिवळसर चिलट चावत नाही आणि रक्त पीत नाही. त्याला हवा असतो आंबण्याचा वास. फळ जास्त पिकलं की त्यावर यीस्ट वाढतं आणि चिलटाच्या अळीचं खाणं म्हणजे मुख्यतः तेच. हा वास चिलटाला कसा कळतो, याचा अभ्यास मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दिकी आणि व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी वर्षानुवर्षं केला. त्यामुळे खोलीच्या एका कोपऱ्यात केळं पिकलं आणि दुसऱ्या कोपऱ्यातली चिलटं तिथे पोचली, तर नवल वाटू देऊ नका. त्यांचं नाक त्याच कामाचं आहे.

एक मादी आयुष्यात चारशे-पाचशे अंडी घालते. पंचवीस अंशांच्या आसपास अंड्यापासून उडणारं चिलट व्हायला जेमतेम दहा दिवस लागतात. आपल्याकडे वैशाखात पारा चाळिशीपार जातो तेव्हा त्यांची पैदास मंदावते, आणि पाऊस पडून हवा दमट झाली की घरं भरतात. त्यातच श्रावणातल्या उपवासांची केळी, मग गणपतीचा प्रसाद, त्यामागून सीताफळं. हा हिशेब लक्षात घेतला की फवारा का फुकट जातो ते कळतं. फवाऱ्यानं मरतात ती उडणारी. अंडी आणि अळ्या जिथे आहेत तिथे सुखानं वाढत राहतात आणि आठवड्याभरानं घर पुन्हा तसंच.

म्हणून जागा शोधायची. नातू बरा होऊन आल्यावर मी त्या आजींच्या घरी गेलो. ओटा लख्ख, फरशी पुसलेली, केळी नाहीतच. तरी चिलटं होती. आजी म्हणाल्या, "आता काय पुसू, सांगा." आम्ही पिठाची कोठी हलवली. मागे भिंतीला चिकटून एक बटाटा होता. सालीला सुरकुत्या, खाली पाण्याचं डबकं, आणि डबक्याच्या कडेला तांदळाच्या कणीहून बारीक पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. सुनेनं तो कागदात उचलला, जागा गरम पाण्यानं आणि धुण्याच्या सोड्यानं घासली. एवढ्या बटाट्यानं महिनाभर घर हैराण केलं होतं.

तुमच्या घरात कोठीमागे पाहा, सिलिंडर उचलून पाहा, कांद्याच्या टोपलीचा तळ उलटा करा. ओलं फडकं घडी करून ओट्याखाली टाकलेलं असतं, ते वास मारायला लागलं की चिलटांना पुरतं. खरकट्याची बादली रात्रभर घरात ठेवू नका. गाईचं असेल तर संध्याकाळीच गोठ्यात जाऊ द्या. देवापुढचं केळं दुसऱ्या दिवशी उचला. फळं आणली की लगेच धुवून कोरडी करा, कारण अंडी बाजारातूनच सालीवर येतात, केळ्याच्या देठाशी तर हमखास. मग वर जुन्या धोतराचं पातळ, घट्ट विणीचं फडकं घाला. जाळी मोठी असेल तर चिलट आरपार जातं.

मोरीचा संशय असेल तर रात्री जाळीवर काचेचा पेला पालथा घाला. सकाळी पेल्यात चिलटं दिसली तर त्यांचं घर मोरीतच आहे. पाण्याचा मारा करून भागत नाही. नळीच्या आत बुळबुळीत थर धरलेला असतो, तो लांब ब्रशनं खरवडून काढावा लागतो. प्लास्टिकच्या नळीत उकळतं पाणी ओतू नका, ती वाकते. मोरीतून येणाऱ्या माशीचे पंख केसाळ, पतंगासारखे असतील तर ती वेगळी जात आहे, पण उपाय हाच.

उडणाऱ्यांसाठी सापळा करा. वाटीत गुळाचं पाणी घ्या, पिकल्या केळ्याची फोड कुस्करा, दोन दिवस ठेवून आंबू द्या. व्हिनेगर असेल तर काम लवकर होतं. त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाका किंवा साबणाचा तुकडा किंचित विरघळवा. साध्या पाण्यावर चिलट पाय टेकून उभं राहतं. साबणानं पाण्याचा ताण गेला की ते बुडतं. वर कागदाचं नरसाळं, टोक खाली. वाटी संध्याकाळी मांडा. 2017 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल शरीरातल्या घड्याळाच्या शोधाला मिळालं, तो शोध या चिलटांवरच लागला, आणि ती सर्वांत जास्त हिंडतात पहाटे आणि तिन्हीसांजेला. पंधरा दिवस वाटी बदलत राहा, म्हणजे मागाहून निघणारीही पिढी त्यात येईल.

इथल्या कृषी महाविद्यालयाच्या एका विद्यार्थ्यानं खोलीत शेतातला कामगंध सापळा टांगला होता आणि चिलटं येत नाहीत म्हणून विचारायला आला. तो सापळा काकडी-दोडक्याच्या आणि आंब्या-पेरूच्या फळमाशीसाठी असतो. केळ्यावरच्या चिलटालाही फळमाशी म्हणतात, पण ती माशी वेगळी, मोठी. आपलं चिलट त्या वासाकडे फिरकतही नाही.

अजून एक चिलट असतं, डोळ्यांपाशी घोंघावणारं. 2023 च्या पावसाळ्यात राज्यात डोळ्यांची साथ आली, तेव्हा सर्वाधिक रुग्ण आपल्या बुलढाणा जिल्ह्यात होते आणि सगळ्यांनी चिलटांना बोल लावला. डोळ्यांवर बसणारं हे चिलट जंतू नेऊ शकतं, पण ती साथ विषाणूची होती आणि पसरली ती मुख्यतः हातांनी, टॉवेलांनी. केळ्यावरच्या चिलटाचा तिच्याशी संबंध नव्हता.

केळ्यावरच्या चिलटाचं भय किती धरावं? मोरीवर बसून ते कापलेल्या फळावर बसलं तर जंतू नेतं, हे प्रयोगशाळेत दिसलेलं आहे. म्हणून कापलेलं फळ उघडं ठेवू नका. मोठी घरमाशी मात्र शौचावर बसून येते आणि हगवण, विषमज्वर पसरवू शकते, तेव्हा झाकण घालताना आधी तिचा विचार करा. उघड्यावरच्या पंगतीतही हे ध्यानात ठेवा. इथल्या विवेकानंद जन्मोत्सवाचा महाप्रसाद, ट्रॅक्टरमधून वाढलेली पुरी आणि वांग्याची भाजी, लाखो लोक ओळीत बसून खातात. ती भाजी गरम असतानाच खायची. घरच्यांसाठी बांधून नेलेली भाजी दुसऱ्या दिवशी लहान मुलाला देऊ नका.

ताकात चिलट पडलं तर काय, असं बायका नेहमी विचारतात. काढून टाका आणि ताक उकळून कढी करा. चुकून पोटात गेलं तरी ते पचून जातं, त्यासाठी दवाखान्यात यायची गरज नाही. त्या आजी परवा भेटल्या. बाटली आता शेतातल्या खोलीत, कुलपात आहे, आणि ओट्यावर वाटी.